ढोलकी उजवीकडे बसते

काकांची बोटं आखडली तेव्हापासून मोताळ्यातल्या आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गाणी नुसतीच साचत गेली. जयंतीसाठी गावातल्या गायन मंडळाने गायलेली सहा गाणी कॉम्प्युटरवर मिक्सिंगवाचून तशीच पडून होती. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जुन्या मिक्सरवर बोटांनी आवाज वरखाली करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता काम कॉम्प्युटरवर आलं होतं, आणि माऊस काही त्यांना धरवेना. "देऊन टाका गानी भाईर मिक्सिंगले," म्हणाले आणि खोलीत यायचेच थांबले. गाण्यांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

म्हणून मी फेडरचं यंत्र मागवलं. त्यावरच्या आठ सरकत्या पट्ट्या हलवल्या की सॉफ्टवेअरमधले आवाज हलतात. वहीत पायऱ्या लिहून घेतल्या: केबल लावणे, सेटिंगमध्ये यंत्र निवडणे, एकेक पट्टी तपासणे. सॉफ्टवेअर आधी उघडून केबल नंतर लावल्यामुळे अर्धी सकाळ गेली. बंद करून पुन्हा उघडल्यावर यंत्र ओळखलं गेलं. मग मी महत्त्वाप्रमाणे क्रम लावला. गायक, कोरस, ढोलकी, पेटी. पट्ट्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुपारी काकांना चहाला बोलावलं आणि गाणं लावलं. पट्ट्या आपसूक वर सरकल्या.

"हे काऊन हालून राह्यलं व?"

"आत मोटर आहे, काका. मागे ठेवलं होतं त्या जागी जातं."

"माह्यापेक्षा याचे सांधे बरे हायेत."

त्यांनी डोळे मिटले, ढोलकी कमी करायला हात उजवीकडे नेला. तिथली पट्टी रिकामीच होती. पुन्हा चाचपलं तर पेटीचाच आवाज खाली गेला. त्यांनी हात मांडीवर घेतला.

"मले जमत नाही. ठेव कपाटात."

"चिठ्ठ्या लावल्यात ना."

"चिठ्ठ्या कोन पाह्यते? ढोलकी उजवीकडं बसते."

त्यांनी समोरच्या सतरंजीकडे बोट दाखवलं, आणि माझ्या ध्यानात आलं. मंडळ जसं बसतं, तसेच त्यांच्या मिक्सरवर आवाज असायचे. डावीकडे पेटी, मग गायक, उजवीकडे ढोलकी, मागे बसणारा कोरस सर्वांत शेवटी.

मी चिठ्ठ्या उपटल्या आणि स्क्रीनवरचे ट्रॅक ओढून त्या क्रमाने लावले. पट्ट्यांनीही तोच क्रम धरला.

"गायक अन् ढोलकीच्या मधात एक मोकळी ठेव."

"ती कशाला?"

"ढोलकीवाल्याचा गुडघा लागते. लई पसरून बसते तो."

मी एक रिकामा ट्रॅक घातला.

गाणं पुन्हा सुरू झालं. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी ढोलकी किंचित खाली घेतली, कोरसच्या वेळी शेवटची पट्टी दोन बोटांनी हळूच वर नेली. बोटं वाकडीच होती, पण पट्टी सरकवायला तेवढी पुरत होती.

"मंडळाले सांगून दे," ते म्हणाले, "गानी भाईर जात नाहीत म्हनाव."

मी फोन घ्यायला उठले.

"बस व," ते म्हणाले, "गानं तर संपू दे."