तारेचं शेपूट

आई सोमवारी गेली. बाबांचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला विमानतळावरच्या हँगरमध्ये होते. हातातला पाना पेटीत ठेवला, सरांना सांगितलं आणि अकोल्याला निघाले.

पाना मी त्याच्या खाचेतच ठेवला होता, हे नंतर बरेच दिवस आठवत राहिलं. आमच्या पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच असते. एखादी रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. त्या दिवशीही हाताने आपलं काम केलं.

नागपूरला विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेत होते, तेव्हा सुटीत घरी यायचे. आई ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. पायडल मारता मारता विचारायची, "या खेपेले काय शिकली वं?"

एकदा मी तिला इंजिनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. हवा आणि इंधन आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर सोडायचा.

"आत घेते, दाबते, पेटते, सोडते," तिने बोटांवर मोजलं. "तुया बापासारखंच हाय."

"मंग? गाडी तं मीच ओढून राहिलो ना!" बाबा पेपरामागून म्हणाले.

तिला सगळ्यात आवडली ती तार. विमानाचं इंजिन सतत थरथरतं, त्याने बोल्ट सैल होऊ शकतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या डोक्यांना भोकं असतात, त्यांतून बारीक तार ओवून पीळ देतात. पीळ सैल चालत नाही, फार घट्टही नाही. मुख्य म्हणजे तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या बाजूला हवी. उलट्या बाजूने बसवली, तर बोल्ट सुटताना ती त्याला अडवतच नाही. शिकताना ही चूक आमच्यातल्या प्रत्येकाने केली आहे.

आईच्या मशीनच्या पायडलचे दोन बोल्ट कायम सैल व्हायचे. ती त्यांना चिंध्या बांधायची. मी लेथवाल्याकडून त्यांच्या डोक्यांना भोकं पाडून आणली आणि तार घातली. आईने दुसरा तुकडा घेतला आणि मांडीवर वातीसारखा वळायला लागली. पीळ वेडावाकडा पडला.

"अशी वात देवाजवळ चालली असती," ती म्हणाली. "तुया विमानाले नाई चालत."

शेवटी मी तारेचं उरलेलं टोक पकडीने आत वळवलं.

"ते काहून?"

"याला शेपूट म्हणतात. बाहेर राहिलं तर नंतर काम करणाऱ्याचा हात फाटतो."

"कोन असते तो?"

"कोणी पण. आपल्याला माहीत नसतं."

आईने वळवलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे चांगलं हाय."

तेरवी झाल्यावर बडनेऱ्याच्या मावशीने मशीन मागितलं. तीही शिवते, आणि तिचं मशीन मोडलं होतं. बाबा लगेच हो म्हणाले. देण्याआधी एकदा तपासावं म्हणून मी मशीनपुढे जमिनीवर बसले.

बोल्टवरची तार माझी नव्हती. पीळ सुरुवातीला घट्ट होता, पुढे ढिला पडत गेला होता. ओढ उलट्या बाजूला होती.

बाबांनी सांगितलं, "मांगच्या मयन्यात पट्टा बदलाले खोललं होतं तिनं. मी म्हनलो, पोरगी आल्यावर करन. तं म्हने, तिची लायसनची परीक्षा हाय, तिले कायले बलावता? तुयी उरलेली तार होती डब्यात."

मी बोल्टवरून बोट फिरवलं. कुठेच टोचलं नाही. शेपूट आत वळवलेलं होतं, चांगलं दोनदा दाबून.

तिच्या हातचं ते शेवटचं काम असेल, किंवा त्याच्या जवळपासचं. तसंच ठेवावं, मशीन आपल्याकडेच न्यावं, असं फार वाटलं. बाबांना सांगितलं असतं तर ते मावशीशी बोललेही असते. पण मावशी वाट पाहत होती, आणि त्या तारेने बोल्ट थांबले नसते. उलटी बसलेली तार दिसली की कापायची, हे मला शिकवलेलं आहे. संध्याकाळपर्यंत मी पकड हातात घेऊन तिथेच बसले. बाबांनी चहा आणून ठेवला.

मग तार कापली. कापलेली तार पुन्हा वापरत नाहीत, आणि तिचा एकही तुकडा मागे सोडत नाहीत. मी सतरंजी झटकून सगळे तुकडे वेचले. बोल्ट आवळले, नवी तार योग्य बाजूने घातली, शेपूट आत वळवलं. तिच्याइतकं दाबून.

मशीन आता बडनेऱ्याला आहे. मावशी त्यावर रोज शिवते. आईची तार माझ्याकडे आहे.