बिनपैशांची भिशी

आमच्या शहरात एखादी गोष्ट अजून गुपित राहिली असेल, तर ती माझ्या मावससासूबाईंच्या कानावर गेलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्यांची गुपितं तर सोडाच, त्यांना स्वतःचंसुद्धा एखादं गुपित कधी सांभाळता आलेलं नाही. आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. "गाठ" म्हणतात, "तो त्रास" म्हणतात, फार झालं तर आवाज खाली आणून "मोठं दुखणं" म्हणतात. नात्यातले एक आजोबा त्याच दुखण्यानं गेले, तर त्यांच्याबद्दल अजूनही "जरा अशक्तपणा होता" असं सांगितलं जातं. अशा घरात मावशींना स्तनाचा कॅन्सर झाला आणि शस्त्रक्रियेचे टाके निघायच्या आत ही बातमी गुलमंडीपासून सिडकोपर्यंत पोचली. पोचवणाऱ्या अर्थात त्या स्वतःच. औरंगपुऱ्याच्या मंडईत त्या भाजीवाल्याला खणखणीत आवाजात सांगायच्या, "दादा, माझी डावी छाती काढलीय, जड उचलू नका म्हनले डॉक्टर. ती मेथी पिशवीत टाक जरा. अन् तुझ्या बायकोला सांग, म्हैन्यातून एकदा आंघोळीच्या वखताला हातानं चाचपून बघत जा म्हनावं. गाठ लागली तर लपवायची नाय." भाजीवाला गांगरून एकाऐवजी दोन जुड्या टाकायचा. माझा नवरा, म्हणजे मावशींचा सख्खा भाचा, बरोबर असला तर तेवढ्यात चार दुकानं पलीकडे जाऊन दुधीभोपळे निरखत उभा राहायचा. दुधीभोपळा त्याला मुळीच आवडत नाही.

मावशी मूळच्या सिल्लोडकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन शहरात आल्या त्याला जमाना झाला, पण आवाज अजून बांधावरून पलीकडच्या शेतात हाक मारायच्या बेताचाच आहे. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये "शांतता राखा" अशी पाटी आहे, तिच्याखाली बसूनच त्या बोलतात. स्वतःचे उपचार कधीच संपले, तरी त्यांचं दवाखान्यात जाणं संपलं नाही. केमोच्या हॉलमध्ये कोण नवीन बाई एकटी बसली आहे हे त्यांना दारातूनच कळतं, आणि पुढच्या काही मिनिटांत त्या बाईचं माहेर, सासर, गाठ कुठे लागली, नवरा कसा वागतो आणि केसांचं काय करायचं ठरलंय, हे सगळं त्यांना ठाऊक झालेलं असतं. एकदा एक तरुण डॉक्टर त्यांना म्हणाले, "मावशी, पेशंटला आरामाची गरज असते." मावशी म्हणाल्या, "आराम हायेच की. ती पडलेलीच हाय, बोलतीय मीच." पुढे तेच डॉक्टर घाबरलेल्या बाया मावशींकडे पाठवू लागले.

ज्यांना घरून येऊ देत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटत नव्हता. दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी एक आधारगट काढून पाहिला होता. फलक लावला, खुर्च्या मांडल्या, पण बाया आल्याच नाहीत. "आधारगटाला जाते" म्हटल्यावर कुठली सासू सुनेला सोडणार? मावशींनी त्यावर भिशी काढली. "भिशीला चालले" म्हटलं की आपल्याकडे कुणी काही विचारत नाही, उलट येताना कोथिंबीर आण म्हणतात. या भिशीत पैसा नव्हता. दर महिन्याला मावशींच्या घरी चहा, चिवडा आणि स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. जिचा नंबर लागेल तिची पाळी. तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, फुशारकी मारावी, काहीही करावं. बाकीच्यांनी ऐकायचं. "धीर धर" म्हणायचं नाही, "देव बघतोय" म्हणायचं नाही, "माझ्या नणंदेच्या शेजारणीला पण हेच झालं होतं" हे तर अजिबात नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जिनं नियम मोडला तिनं सगळ्यांचे कप धुवायचे. हा नियम मावशींनी स्वतः केला आणि कप दर वेळी मावशींनीच धुतले. बायाही वस्ताद होत्या. एकीचा नंबर लागला तेव्हा सगळ्यांनी रुमाल काढून तयारी केली, तर तिनं पूर्ण वेळ सासूच्या नकला केल्या आणि हसून हसून एकीचा टाका दुखायला लागला.

या भिशीचं वाण म्हणजे मावशींनी शिवलेली छाती. बाजारातली महाग पडते आणि ती मागायला दुकानात जायची लाज वाटते, म्हणून मावशी जुन्या मऊ सुती साडीची गोल पिशवी शिवून आत भरण घालायच्या. पहिल्यांदा सिल्लोडचा कापूस भरला. तो इतका हलका निघाला की बाई जिना चढली की छाती गळ्याशी यायची. "वजन पायजेल," मावशी म्हणाल्या, "न्हायतर खांदा वाकतो." मग साबुदाणा भरला. तो उन्हाळ्यात घामानं फुगला आणि घालणाऱ्या बाईला ब्लाउज उसवावा लागला. तिसऱ्यांदा बाजरी भरली. ती मात्र सगळ्यांना पसंत पडली, वजन बरोबर, बसायला मऊ. पण धुताना आतली पुरचुंडी काढायची हे मावशी सांगायला विसरल्या. भिशीत सिल्लोडची शबाना होती, ती एक दिवस पदराखालून पिशवी घेऊन आली आणि हसू दाबत म्हणाली, "खाला, ये तो उग गई ना! अब काटने को कब आते?" पिशवीच्या शिवणीतून हिरवे कोंब डोकावत होते. मावशी जराही ओशाळल्या नाहीत. "जित्या माणसाच्या अंगाला हाय म्हून उगवली," त्या म्हणाल्या, "मेल्याच्या अंगावर काय उगवतंय?" पुढे त्यांनी गुलमंडीवरून काचेचे बारीक मणी आणून भरले, आणि आता त्या पिशव्या छान टिकतात.

हे सगळं मी इतकी वर्षं लांबून ऐकत होते आणि हसत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, पेशींची आकृती फळ्यावर हसतखेळत काढते. मग मलाच गाठ लागली. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली, आणि विज्ञानाचा काडीचाही उपयोग झाला नाही. डोस घेतला की तोंडात लोखंडाची चव यायची, नखं काळी पडली, आणि आरशात जी बाई दिसायची तिच्याशी आपली ओळख असावी असं मला वाटेना. निम्मे डोस झाल्यावर मी ठरवलं की आता पुरे. नवऱ्यानं समजावलं, डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली, माहेरच्यांनी रडून घेतलं. मी कुणाला बधले नाही. मावशींनी भिशीच्या डब्यात माझीही चिठ्ठी टाकली होतीच, नेमका त्याच महिन्यात माझा नंबर लागला. मी सरळ सांगून टाकलं, "मला पुढचा डोस घ्यायचा नाही. मी थकले." मी मावशींकडे पाहिलं, कारण आता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार हे नक्की होतं. त्यांनी चिवड्याची मूठ तोंडात कोंबली. मग दुसरी कोंबली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या चावत राहिल्या, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच कप दुसऱ्या कुणीतरी धुतले.

डोसच्या दिवशी सकाळी दार वाजलं, तर मावशी. आत येऊन कोचावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि गप्प. नवरा धावत आला, "मावशी, तुम्ही तरी सांगा हिला!" मावशींनी बोटानं त्याला खाली बसवलं. मग पर्समधून एक डाळिंब काढलं आणि सोलायला घेतलं. त्या एकेक दाणा डब्यात टाकत होत्या आणि आम्ही दोघं बघत होतो. शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या, मावशींना बघून म्हणाल्या, "काय मावशी, बऱ्या आहात ना?" मावशींनी नुसती मान हलवली. वहिनींच्या हातातली वाटी पडायची राहिली. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजल्या, "अहो, मावशींची वाचा गेली की काय? अर्धांग तर नसेल? डॉक्टरांना बोलवा आधी!" विरजण न घेताच त्या गेल्या, आणि थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरचे दोघं जण मावशींना बघायला येऊन गेले. मावशी बसूनच. डाळिंब संपलं तसं त्यांनी दुसरं काढलं.

मला राग आला, मग हसू आलं, आणि मग एकदम रडू फुटलं. या बाईला न बोलणं म्हणजे काय त्रास होत असेल हे मला माहीत होतं. आजवर मला शंभर जणांनी शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, पण माझ्यासाठी कुणी स्वतःला इतकं अडवून धरलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि म्हटलं, "मावशी, मला भीती वाटते. बोला ना काहीतरी. मी विचारतेय तुम्हाला."

"तू विचारलं बरं का," मावशी म्हणाल्या. "मंग सांगते. लई तरास हाय, खोटं नाय बोलनार. मला बी भ्या वाटायचं, अजून वाटतं. पन तू आली नायस तर मी तिथं बोलू कुनाशी? त्या सिस्टर कामात असत्यात, अन् बाकीच्यांना माझं समदं सांगून झालंय."

मी चपला घातल्या. रिक्षात बसल्याबरोबर मावशींनी तुंबलेलं सगळं बोलणं सोडलं. क्रांती चौक यायच्या आत रिक्षावाल्याला माझ्या आजाराची इत्थंभूत माहिती झाली होती आणि बायकोला तपासून घ्यायचं वचन त्यानं सिग्नललाच दिलं. पुढचे सगळे डोस मी घेतले. दर वेळी मावशी उशाशी होत्या आणि मला कधीही शांत झोप मिळाली नाही. शेवटच्या डोसला त्यांनी सबंध हॉलमध्ये पेढे वाटले, दारावरच्या गार्डला दोन दिले आणि माझी सगळी हकीकत त्यालाही सांगितली. आता माझी नखं पुन्हा गुलाबी झाली आहेत, केस पूर्वीपेक्षा कुरळे आलेत. शाळेत मी पुन्हा पेशींची आकृती काढते, फक्त आता वर्गातल्या मुलींना आकृतीच्या पुढचे दोन शब्द जास्त सांगते.

गेल्या वर्षी मावशींचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गुडघे धरलेत, एकट्या कशाला राहायचं, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. भिशी आता माझ्याकडे भरते. मावशींचा फोन रोज येतो आणि त्यात माझ्या वाट्याला हुंकार देण्यापलीकडे काही येत नाही. तिथल्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांशी बोलत नाहीत, याचं त्यांना अतोनात दुःख आहे. परवा मात्र फोन आला तो निराळा. आवाज बारीक होता. पाठीत दुखत होतं म्हणून मुलानं तपासण्या करून घेतल्या होत्या आणि रिपोर्ट यायचा होता. मी काही विचारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ते राहू दे. आज तू बोल, बाई. काय बी बोल. मी ऐकते."

मी बोलत राहिले. मेथी महाग झाल्याचं सांगितलं, शबानाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, शेजारच्या वहिनींनी नवीन फ्रिज घेतल्याचं सांगितलं. सांगण्यासारखं सगळं संपलं तरी बोलत राहिले. मावशींनी मला एकदाही मधे तोडलं नाही.