एक पट्टी, तीन पियानो

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ध्वनीचा धडा तर इतक्या वेळा, की पुस्तक न उघडता सांगते... वस्तू कंप पावते, हवा हलते, आवाज कानापर्यंत पोचतो. बायका भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी उठून चहा टाकायला जायची. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या मुलीच्या बाबतीत घडलं, म्हणून लिहितेय.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. आम्ही बडोद्याला निझामपुऱ्यात राहायचो. माझे मिस्टर, शरद, कोयलीला रिफायनरीत इंजिनियर. मुक्ता आमची एकुलती एक, तेव्हा दहा वर्षांची. फतेगंजमधल्या एका मिसकडे ती दोन वर्षं पियानो शिकत होती. एक दिवस मिस मला म्हणाल्या, "हल्ली ही वाजवताना एक सूर गाळते. कीबोर्डवर सराव करून बोटं कच्ची राहतायत. घरी पियानो घ्या."

शरदनी लगेच मनावर घेतलं. आमच्या हॉलमध्ये भिंतीला लागून उभा राहणारा, अपराइटच मावणार होता. टेप घेऊन त्यांनी जागासुद्धा मोजून ठेवली.

पहिला पियानो फतेगंजमध्येच पाहिला. ते कुटुंब कॅनडाला चाललं होतं. घरातल्या बाईंनी सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या, सुरेख आवाज होता. मग मुक्ता बसली. वाजवता वाजवता मध्येच — खट्. नुसता लाकडाचा आवाज. सूर नाही.

"ही पट्टी बंद आहे वाटतं," शरद म्हणाले.

बाई ओशाळल्या. त्यांनी तीच पट्टी दाबली. स्वच्छ, भरलेला सूर आला. मुक्तानं दाबली... खट्.

"जरा जोरात दाब गं."

तिनं जोरात दाबली. खट्. आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "येतोय की आवाज!"

मला वाटलं, पियानो आवडलाय म्हणून थाप मारतेय. येताना रिक्षात मी तिला चांगलीच रागावले. ती घर येईपर्यंत रडत होती. 

दुसरा पियानो मांडवीजवळ, जुन्या फर्निचरच्या दुकानात. वेगळ्या कंपनीचा, धुळीनं भरलेला. मुक्ता बसली आणि तीच पट्टी — मधल्या 'सी'च्या डावीकडची दुसरी पांढरी. खट्. दुकानदारानं दाबली तर वाजली. "बराबर वागे छे, बेन," तो हसून म्हणाला. मी दाबली, वाजली. शरदनी दाबली, वाजली.

 आवाज येतो असं या वेळी मुक्ता म्हणाली नाही. बहुतेक माझ्या भीतीनं.

दुसऱ्या दिवशी मी मिसच्या क्लासमध्ये जाऊन बसले. त्यांच्याही पियानोवर तेच. मिसना वाटत होतं ती सूर गाळतेय. ती गाळत नव्हती, मी तिचं बोट पट्टीवर पडताना पाहिलं. घरच्या कीबोर्डवर मात्र सगळं नीट वाजायचं.

शरद म्हणाले, "उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही." म्हणून तिसरा पियानो पाहायला आम्ही छाणीला गेलो. रुस्तमकाका म्हणून एक वयस्कर पारशी गृहस्थ तिथे जुने पियानो दुरुस्त करून विकायचे. त्यांनी पियानोची पुढची फळी काढली. आतल्या तारा, हातोड्या, सगळं दिसायला लागलं.

"वगाड, दीकरा," ते म्हणाले.

मुक्तानं पट्टी दाबली. हातोडी उठली, तारेवर आपटली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. आवाज शून्य. काकांनी तारेला बोट लावलं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. तिनं दाबताच त्यांनी बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"तार हाले छे," ते हळूच म्हणाले. तार हलत होती! मग त्यांनी मुक्ताला विचारलं, "तने संभळाय छे?" तुला ऐकू येतंय का?

मुक्तानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा म्हणाली, "हा काका. संभळाय छे."

काकांनी फळी परत बसवली. "पियानोमां कंई वांधो नथी, बेन."

"मग वांधा कशात आहे?" शरदनी विचारलं. काका हत्यारं गोळा करायला लागले.

तोच पियानो आम्ही घेतला. मुक्ताला तो आवडला होता, आणि घरी आणला की कारण सापडेल अशी शरदना खात्री होती. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो... तिघांचेही कान उत्तम. शरदनी कॅसेटवर तिचं वाजवणं रेकॉर्ड केलं. टेपवरही त्या जागी खट्. पण टेप ऐकताना मुक्ता बरोबर त्याच क्षणी म्हणाली, "हा बघा, आला!" शरद उठून बाल्कनीत गेले.

एका दुपारी मी तिला विचारलं, "कसा असतो गं तो सूर?"

ती विचार करून म्हणाली, "बाकीचे पियानोतून येतात. हा माझ्या मागून येतो."

त्या दिवसापासून ती सरावाला बसली की मी तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायला लागले. दुसरं काय करणार होते? आठवड्याभरानं विचारलं, "आता कुठून येतो?"

"आता तुझ्या मागून."

मी वळून पाहिलं. भिंत होती, कॅलेंडर होतं.

हे मी शरदना सांगायला नको होतं. त्यांनी त्याच दिवशी रुस्तमकाकांना फोन करून पियानो परत न्यायला सांगितलं. मुक्ता दोन दिवस विनवत होती. "बाबा, मी ती पट्टी वाजवणारच नाही!" तिनं खरंच ती पट्टी टाळून एक अख्खी धून बसवली आणि आम्हाला वाजवून दाखवली. शरद ऐकत होते, डोळे पुसत होते... आणि तरी नाहीच म्हणाले. मीही तिची बाजू घेतली नाही. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते मला सांगता येत नव्हतं.

टेम्पो यायच्या आधी मुक्ता शेवटची बसली. धून नाही, काही नाही. तीच एक पट्टी, पुन्हा पुन्हा. पाऊण तास आम्ही दोघं सोफ्यावर बसून नुसतं खट्... खट्... ऐकत होतो. तिचा चेहरा मात्र अगदी लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा होता. मध्येच ती थांबायची, मान डोलवायची.

माणसं पियानो उचलून जिन्यानं खाली घेऊन गेली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "मोठी झालीस की दुसरा घेऊ." तिनं परत कधी पियानोला हात लावला नाही, पण ते नंतरचं.

त्या दुपारी ती माझ्या कुशीत एवढंच म्हणाली, "आई, मी वाजवलं की तो यायचा. आता त्याला कसं कळणार, मी कुठे आहे ते?"