इंजिनाखालचा बोल्ट

मला पहिली नोकरी हडपसरला लागली तेव्हा आमच्या घरात नोकरीपेक्षा बसचीच चर्चा जास्त झाली. आम्ही खडकीत, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथून हडपसरला जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि दोन्ही वेळेवर येतील अशी आशा धरायची. लहानपणी जिथे मी ऊस पाहिला होता, तिथे तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्याच एकीत मला सोमवारी सकाळी नऊला कॉम्प्युटरसमोर हजर व्हायचं होतं.

मला बस नको होती, पप्पांची मोटरसायकल हवी होती. ती तशी आठवडाभर जिन्याखाली उभीच असायची, कारण पप्पा कारखान्यात चालत जात. मी ती खडकीच्या मैदानावर शिकले होते आणि बऱ्यापैकी चालवत होते. आईचा मात्र ठाम विरोध होता. मुलीने मोटरसायकल चालवली तर लोक काय म्हणतील, याची तिला फिकीर नव्हती. जुनी गाडी भर रस्त्यात बंद पडली तर ही पोरगी काय करणार, एवढीच तिची काळजी होती. तिचं म्हणणं खोडून काढता येईना, म्हणून पप्पांनी एक अट घातली. शनिवारी ते ओव्हरटाइमला गेले की मी एकटीने इंजिनाचं ऑइल बदलायचं. जमलं तर सोमवारी गाडी माझी, नाही तर बसचा पास काढायचा.

पप्पा टर्नर होते. लेथवर लोखंड कातण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि घरातली प्रत्येक गोष्ट ते तपासून घेत. माझी मार्कशीट आली की तिची बेरीज ते पुन्हा करत. पोळी गोल नसली तर काही बोलत नसत, पण ताटात फिरवून बघत. अशा माणसाची परीक्षा म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून मी जय्यत तयारी केली.

सगळं छान पार पडलं. इंजिनाखालचा बोल्ट सोडला, काळं ऑइल घमेल्यात काढलं, बोल्ट पुसून परत लावला आणि पान्याने आवळला. इथे थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ऑइल गळलं तर, ही शंका डोक्यात शिरली. मी नळाचा एक तुटका पाइप शोधला, जोर वाढावा म्हणून तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि सगळं अंग टाकून आवळलं. बोल्ट आधी करकरला, मग एकदम मऊ झाला आणि नुसताच गोल फिरायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बोल्ट ओढला तर सहज हातात आला. त्याच्या आट्यांत अल्युमिनियमचा चकचकीत कीस अडकला होता. हा कीस इंजिनातल्या भोकाचा आहे, म्हणजे आटे भोकातले गेलेत, हे मला कळायला हवं होतं. पण मी इंजिनिअर झाले होते ती कॉम्प्युटरची. बोल्टच खराब झाला असं ठरवून मी तो कागदात गुंडाळला आणि बसने नाना पेठेत गेले.

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काकांनी बोल्ट बोटांत फिरवला, चष्मा वर केला आणि हा कंपनीचा बोल्ट नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, गाडी घेतल्यापासून हाच आहे. "मग तुम्हाला जास्त माहीत," ते म्हणाले. "कंपनीचा यापेक्षा बारीक येतो. हा कोणीतरी लेथवर काढलाय. हात चांगला आहे हो त्याचा. ज्याने काढला त्यालाच जाऊन विचारा." तरी मी हट्टाने कंपनीचा बोल्ट घेतला. घरी येऊन लावला तर तो भोकात कुठेच न अडकता सरकला आणि हात काढताच घमेल्यात पडला.

मी घमेल्याशेजारी तशीच बसून राहिले. कंपनीच्या बोल्टला हे भोक मोठं होत होतं. म्हणजे ते पूर्वी कोणीतरी मोठं केलं होतं आणि त्या मापाचा बोल्ट मुद्दाम बनवला होता. आणि आमच्या गाडीच्या दुरुस्तीला पप्पांशिवाय कोणी हात लावलेला नव्हता.

संध्याकाळी पप्पा आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले. मी चहाच्या कपाशेजारी दोन्ही बोल्ट ठेवले, एक जाड आणि एक बारीक, आणि पाइपासकट सगळं सांगून टाकलं. पप्पा माझ्याकडे बघेनात. ते त्या जाड बोल्टकडे बघत होते आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. गाडी नवी होती तेव्हा एका रविवारी सगळ्यांनी खडकवासल्याला जायचं ठरलं होतं आणि ऐन वेळी गाडी चार दिवस चादरीखाली झाकून ठेवली गेली. कंपनीकडून पार्ट यायचाय, असं पप्पांनी सांगितलं होतं. आई त्या कंपनीला इतकी वर्षं नावं ठेवत आली होती, शेजारणींनासुद्धा ती गाडी घेऊ नका म्हणून सांगत होती. तिने पुढे येऊन जाड बोल्ट उचलला.

"म्हणजे तो पार्ट हा?"

पप्पा म्हणाले, "जरा जास्त आवळला गेला."

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, शेवटी खाली बसून हसली. मीही हसले. पप्पा गंभीरपणे चहा पीत राहिले, पण कप हलत होता. डोळे पुसून झाल्यावर आईने निकाल दिला. बापाने आटे घालवून इतकी वर्षं गाडी चालवली, तर पोरीनेही चालवावी. मात्र सोमवारी सकाळच्या आत गाडी दुरुस्त झाली पाहिजे, आणि दोघांनी मिळून केली पाहिजे.

रविवारी विहारातली वंदना झाल्यावर पप्पा पांढऱ्या कपड्यांतच खडकी बाजारातल्या ओळखीच्या लेथवर गेले आणि दुपारी परतले ते मुठीत पितळेचा एक छोटा बुश घेऊन. बुश म्हणजे बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून आटे पाडलेलं नळकांडं. भोक आणखी मोठं करून त्यात हा कायमचा बसवायचा, की आत कंपनीचा बोल्ट लागतो. गाडी आम्ही जुन्या गादीवर आडवी केली. ड्रिल पप्पांनी स्वतः मारलं, ते माझ्या हाती द्यायची त्यांना हिंमत झाली नाही. पण आटे पाडायचा टॅप त्यांनी ग्रीस फासून माझ्या हातात दिला, म्हणजे कीस ग्रीसला चिकटेल, इंजिनात पडणार नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतलं की कीस तुटतो. पहिल्या चार फेऱ्यांत माझे खांदे भरून आले, पण नंतर टॅप आपल्या वाटेने जायला लागला, आणि मला इतकं बरं वाटलं की काम लवकर संपू नये असं झालं.

बुश चिकटवून सुकू दिला. संध्याकाळी गाडी उभी केली आणि थोडं ऑइल ओतून उरलासुरला कीस धुऊन काढला. शेवटी बोल्ट. पप्पांनी पाना माझ्या हातात दिला आणि माझी मूठ दांड्याच्या टोकाकडून सरकवून बोल्टच्या जवळ आणली. तिथे धरला की जास्त जोर लावताच येत नाही. वॉशर धरेपर्यंत मी फिरवलं, मग किंचित पुढे नेलं आणि थांबले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी झालं म्हटल्यावर ते उठले आणि हात धुवायला आत गेले. बोल्टला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. नवं ऑइल मी एकटीने भरलं.

सोमवारी संगमवाडी, कॅम्प, पुलगेट करत मी सोलापूर रोडला लागले तेव्हा मोठ्याने गात होते. कंपनीच्या पार्किंगमध्ये नव्या ड्रेसची पर्वा न करता उकिडवी बसले आणि इंजिनाखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. वॉचमनने काही हरवलं का विचारलं, त्याला मी हसून नाही म्हटलं आणि रिसेप्शनवरून घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला पप्पांनी उचलला. त्या वेळी ते कारखान्यात असायला हवे होते.

"गळतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थेंबही नाही. मग आईने फोन घेतला.

"अंग दुखतंय म्हणून रजा टाकलीय," ती म्हणाली. "तू निघाल्यापासून फोनपासून उठले नाहीत. आता चप्पल घालतायत. अर्धी ड्यूटी तरी होईल म्हणे."