कपाटावरचे ग्लास आणि माझा शुद्ध आवाज

ध्वनीच्या शुद्धतेबाबत माणसाने कधीही तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला निवृत्तीनंतर, घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा सुचलं.

लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले, तसा मीही घरी बसून फिजिक्सचे धडे रेकॉर्ड करू लागलो. श्रोते दोन. पुण्याचा मुलगा अविनाश आणि नांदेडची मुलगी शोभा. धड्यांत सूं असा आवाज यायचा आणि त्या आवाजापायी दोघांचे रोज फोन यायचे. (त्याआधी सणासुदीला यायचे.)

"बाबा, प्रीॲम्प घ्या," शोभा म्हणे. "माइकचा आवाज मुळातच पातळ हाय तुमचा. ती डबी आधी त्याला दमदार करते, मग कंप्युटरात सोडते."

"अन् वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरींचा गोंगाट? तोही दमदार करते," अविनाश म्हणे. "प्लगिन टाका बाबा. सॉफ्टवेअर आहे, नंतर सगळं धुऊन काढतं."

मी दोघांनाही म्हणायचो, "तुझं पटतंय, पण जरा नीट समजावून सांग."

शेवटी शोभाने एसटीच्या पार्सलने डबीच पाठवली.

इथे आमच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. भूकंपाच्या साली बायकोने त्यावर स्टीलचे ग्लास उपडे, एकावर एक रचले. जमीन हलली की ते पडणार आणि आपण बाहेर पळणार. पुढे वरच्या मजल्यावर नीट परीक्षेचा क्लास करणाऱ्या मुली भाड्याने आल्या. पाण्याची वेळ सांगतानाच ती त्यांना बजावायची, "ग्लास पडले की पुस्तकं टाकायची अन् पळायचं." ती गेली. ग्लास राहिले, आणि बजावणं माझ्याकडे आलं.

तर मी डबी जोडली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि आपला आवाज ऐकावा म्हणून स्पीकरही लावला. माइकने अशी शिटी मारली की मी दचकून मागे सरलो, तो खांदा थेट कपाटावर. ग्लास फरशीवर. वरच्या मुली जिन्यात. त्यांना बघून शेजारचं हॉस्टेल रस्त्यावर, आणि हॉस्टेलला बघून अख्खी गल्ली.

"सर, हालली का हो जमीन?" वरच्या मुलींपैकी देवणीहून आलेल्या एकीने विचारलं. भूकंप झाला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता.

"न्हाई गं. माझा खांदा लागला."

"खांदा?" समोरच्या काकू म्हणाल्या. "कुकर गॅसवर सोडून पळाले की मी. सर, पुढच्या टायमाला आधी सांगत जा."

खरं सांगतो, इतकी माणसं एकदम माझ्याशी बोलल्याला बरेच महिने झाले होते. मी खांदा कसा लागला ते तीनदा समजावून सांगितलं. आकृती काढायला खडू तेवढा नव्हता.

रेकॉर्डिंग चालूच होतं, दारातलं बोलणंही त्यात आलं होतं. ते मी दोघांना पाठवलं. अविनाशने प्लगिनमधून धुऊन परत दिलं. शिटी नाही, ग्लास नाहीत, मुली नाहीत, काकू नाहीत. स्वच्छ शांतता, आणि तिच्यात एक म्हातारा कोणाला तरी सांगतोय, "माझा खांदा लागला."

"डबीने आवाज दमदार झालाय, मानलं," अविनाश म्हणाला.

"दादाच्या प्लगिनने साफही झालाय," शोभा म्हणाली. "आता काही अडचण न्हाई ना बाबा?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर दोघांचेही फोन आले नाहीत.

परवा मी ग्लास पुन्हा कपाटावर रचले. माइकच्या बाजूला, अगदी काठावर.