गहाळ न झालेली बोरमाळ

शालनकाकूंची पिठाची गिरणी आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर होती. दिवसभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे गिरणी बंद असली तरी त्या ओरडूनच बोलत. नव्या माणसाला वाटे, भांडण चाललंय. भुवयांवर पीठ, पदर कमरेला खोचलेला आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारणं, "जेवलास काय? सून बरी हाय न्हवं?"

एका दुपारी घरी जाताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातली बोरमाळ हिसडली. काकू रस्त्यावर पडल्या. तशाच उठून ठाण्यात गेल्या. हवालदारांनी लिहिलं, 'बोरमाळ गहाळ'.

"गहाळ? मी कुटं ठेवून इसरलो व्हय? गहाळ झालेल्या माळंचा वळ उठतोय काय मानंवर?"

काकूंनी सही केली नाही.

मी एका स्थानिक दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या लिहितो. त्याच आठवड्यात पोलिसांच्या पत्रकावरून मी बातमी दिली होती, पेठेतल्या चोऱ्या घटल्या. दळण घेऊन गेलो, तर काकूंनी गिरणी थांबवली आणि पेपर माझ्यापुढे आपटला.

"ह्यात मी कुटं हाय, दाव."

"काकू, आकडे पोलिसांनी दिलेत."

"आनि तू? तू ह्याच गल्लीत ऱ्हातोस न्हवं?"

मान खाली घालून डबा तिथेच ठेवून आलो.

मग त्यांनी दळणाला येणाऱ्यांनाच विचारायला सुरुवात केली. कुणाची सायकल गेली होती, कुणाचा मोबाइल, कुणाची दारातली गॅसची टाकी. प्रत्येकाच्या कागदावर तेच, 'गहाळ'. एका सकाळी गिरणीला कुलूप लावून काकू त्या सगळ्यांना घेऊन ठाण्यात गेल्या. मीही गेलो.

साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, चोऱ्यांचा आकडा वाढला की वरचे अधिकारी आम्हाला जाब विचारतात."

"मग चोर धरा की! तुमचा आकडा राखायला आमच्या गळ्यातलं आपसूक गळून पडलं म्हणायचं व्हय?"

त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी गुन्हे नोंदवले गेले. ती बातमी मी काकूंच्या नावानिशी दिली.

पुढच्या पत्रकात पेठेतल्या चोऱ्या एकदम वाढलेल्या दिसल्या. तेव्हा चिडली ती पेठच. पेठेच्या तालमीतले चार जाणते गिरणीवर येऊन काकूंनाच म्हणाले, "पेठेचं नाव घालवलंसा."

"चोऱ्या व्हत होत्या तवा कुटं गेलतासा?" काकू इतक्या जोरात ओरडल्या, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. पण त्यानंतर काही घरांनी दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. ते त्यांना लागलं. "माळंचं न्हाय वाटत एवढं," एकदा त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. बोरमाळ मिळाली नव्हती. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने मला घरी बोलावून एक सरकारी कागद दाखवला. तपास बंद केल्याची नोटीस होती, काकूंच्या नावाने, त्या गेल्यावर आलेली. त्यात लिहिलं होतं, 'जबरी चोरीचा गुन्हा खरा आहे, परंतु आरोपी मिळून येत नाहीत.'

गुन्हा खरा. एवढे दोन शब्द लिहायला पोलिसांनी काकूंच्या मरणापर्यंत वेळ लावला. त्या घरात मला ते मोठ्याने वाचवेना. मी कागद मुलाच्या हातात परत दिला आणि चप्पल घालून बाहेर पडलो. माझा संताप अजून उतरलेला नाही.