टेबलाच्या अलीकडची खुर्ची

लांजेवार सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यासाठीच खुर्ची शोधत होते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ऑनर्सच्या मुलाखती आठवड्यावर आल्या होत्या आणि निवृत्त झाले असले तरी सर त्या दिवशी येणार होते. त्यांना हात नसलेली, लाकडी, सहज ओढता येईल अशी खुर्ची लागायची. ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात सापडली, मी पुसायला घेतली आणि सरांच्या घरून काकूंचा, त्यांच्या पत्नीचा, फोन आला. काकू रडत नव्हत्या. "वैशाली, सर गेले बाई," एवढंच म्हणाल्या आणि जरा थांबून, "शनिवारी तुमच्याकडे याचं म्हणून कपडे इस्त्री करून ठेवले होते…" मी नुसती "हो काकू, हो काकू" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर काय करावं ते कळेना, म्हणून ती खुर्ची पुन्हा पहिल्यापासून पुसली. त्याला आता महिना होऊन गेला. पुढे ढकललेल्या मुलाखती परवा झाल्या, आणि आज लिहायला बसले आहे.

ऑनर्स हे प्रकरण बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. चार वर्षांची डिग्री सगळेच करतात. ऑनर्सच्या पोरांना त्यावर जास्तीचे विषय आणि एका शिक्षकाच्या हाताखाली मोठा प्रकल्प करावा लागतो. जागा थोड्या, हवं सगळ्यांना. गुणांची चाळणी लागल्यावरही जागांपेक्षा पोरं जास्त उरतात, मग मुलाखत. टेबलाच्या पलीकडे तीन परीक्षक, अलीकडे एकटं पोर. सरांना ही मांडणीच मान्य नव्हती. पोर आत आलं की ते आपली खुर्ची उचलायचे, टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, काढ आता चित्र." नागपूरहून आलेले एक परीक्षक एकदा वैतागून म्हणाले, "अहो सर, तुम्ही परीक्षक आहात का उमेदवार?" सर शांतपणे म्हणाले, "तिकडून चित्र उलटं दिसते. उलटं पाहून मी कोनाले काय सांगू?"

सर मूळचे सिहोऱ्याचे, धानाच्या घरातले. भंडाऱ्यात उभी हयात मेकॅनिकल शिकवलं, पण जिभेवरचं सिहोरा काही उतरलं नाही. मी लाखांदूरची. कॉलेजात आल्याबरोबर मी माझी बोली गुंडाळून ट्रंकेत टाकली आणि पुस्तकी मराठी बोलू लागले. सर मला चिडवायचे, "काहून व, लाखांदूरची यष्टी पुण्याले जाऊन राहिली का आजकाल?" मी लाजून आणखीच पुस्तकी बोलायची.

माझी स्वतःची मुलाखत सुट्टीत होती. होस्टेल बंद, त्यामुळे मी आणि बाबा सकाळच्या यष्टीनं आलो होतो. घरी रोवणी सुरू होती. धानाची रोपं लावायची ती घाई बाकीच्यांवर टाकून बाबा आले होते. माझ्यासाठी स्थळं सांगून येत होती आणि बाबांनी मला कबूल केलं होतं की ऑनर्स मिळालं तर दोन वर्षं कोणी तुझ्या लग्नाचा विषय काढणार नाही. माझा नंबर शेवटून दुसरा. आत गेले तेव्हा ऊन कललं होतं. सर खुर्ची घेऊन शेजारी आले आणि म्हणाले, "तू सोता चालताना पाह्यलं असन असं एक यंत्र काढ." मी आमच्या गावची राइस मिल काढली. मोटार, पट्टा, धान भरडायचा भाग, कोंडा उडवायचा पंखा… आणि फिरण्याच्या दिशा दाखवणारे बाण. समोरून एक परीक्षक म्हणाले, "पंख्याचा बाण बघा जरा." मी बघितला आणि मला काहीच दिसेना. भिंतीवर घड्याळ होतं. लाखांदूरची शेवटची गाडी निघायला आली होती. मी चित्राकडे कमी आणि घड्याळाकडेच जास्त पाहत होते. समोरचे म्हणाले, "ठीक आहे, पुढचा पाठवा."

"थांबा ना," सर म्हणाले. मग मला हळूच विचारलं, "संगं कोन आलं?" मी म्हटलं, बाबा आहेत बाहेर. सर उठून दारापर्यंत गेले, बाबांना म्हणाले, "भाऊ, आज आमच्याकडे मुक्काम करा," आणि परत येऊन बसले. "पाह्य आता. आपल्याले कुठं बस पकडाची हाये?" सर खिशातली बडीशेप चघळत माझ्याइतकेच त्या चित्राकडे पाहत होते. हळूहळू मला मिल दिसायला लागली, आवाजासकट. आणि एकदम हसूच फुटलं. "सर, हा पंखा असा फिरला तर सगळा कोंडा धान टाकणाऱ्याच्याच तोंडावर येईल!" सर म्हणाले, "आला ना तोंडावर? मंग पुस आन् बाण उलटा कर."

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काकूंनी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. बाबा संकोचून बसले होते, पण धानाच्या जातींवर बोलणं निघालं तसे खुलले आणि सरांशी वाद घालू लागले. "एक दिस रोवणी थांबन, काई होत नाही," असं बाबांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ऑनर्स मिळालं. पुढे त्याच कॉलेजात मी शिकवू लागले, सरांची सहकारी झाले, तरी त्यांच्यासमोर मी कायम ती बाण चुकलेलीच राहिले आणि मला ते आवडायचं.

सर सोपे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. मुलाखती संध्याकाळपर्यंत लांबायच्या, चहा गार व्हायचा, प्राचार्य निरोपावर निरोप पाठवायचे. आणि एका वर्षी त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा मुलाखतीला आला. मी तेव्हा समितीवर नव्हते. व्हरांड्यातून जाताना पाहिलं तर सर बाहेर बाकावर बसलेले. घरचा मुलगा, म्हणून ते खोलीतून उठून आले होते. मुलाची निवड झाली नाही. भावानं बोलणं टाकलं. पोळ्याला सर सिहोऱ्याला जात, बैलांना ओवाळून, अंगणातूनच परत येत. भाऊ दारात येत नसे. एकदा मी म्हटलं, "सर, तुम्ही योग्य तेच केलंत." "बाहेर आलो ते बरोबरच होतं," सर म्हणाले, "पन त्या पोराच्या बाजूची खुर्ची खालीच राह्यली ना माय… तिथं कोनीतरी बसाले पाह्यजे होतं." निवड झाली नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. त्या खुर्चीचं होतं.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. हृदय थकलं होतं, जिना चढणं बंद होतं. मी तक्रार घेऊनच गेले होते. नव्या प्राचार्यांचं म्हणणं, मुलाखती कशाला, संगणक गुणांवरून यादी काढून देईल. मी भांडून यंदापुरती परवानगी मिळवली होती. वेळेत आणि नीट झालं तर पुढच्या वर्षीचा विचार होणार होता. नाहीतर ही पद्धत संपली. "तुम्ही या सर," मी म्हटलं, "तुम्ही असलात की मला धीर येतो." सर हसले. "येतो ना. खुर्ची तेवढी काढून ठेव." निघताना दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले. मी फाटकाशी वळून पाहिलं तर अजून उभेच होते… पुन्हा एकदा जाऊन काहीतरी विचारायला हवं होतं असं सारखं वाटतं. काय, ते सुचत नाही. नुसता आवाज ऐकायचा होता.

परवा मुलाखतीला मी ती खुर्ची नेऊन पोरांच्या शेजारी ठेवली. न ठेवणं जमलंच नाही. दिवसभर ती रिकामी राहिली आणि मी टेबलापलीकडून प्रश्न विचारत राहिले. सगळं वेळेत चाललं होतं. प्राचार्य एकदा डोकावून समाधानानं गेले. मला मात्र सारखं वाटत होतं की हे काही खरं नाही.

उन्हं उतरताना तुमसरकडची एक मुलगी आली. तिनं शेताला पाणी देणारा पंप काढायला घेतला आणि मध्येच अडकली. पेन्सिल थांबली. नजर घड्याळाकडे गेली. मग तिनं शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली बॅग घाईनं मांडीवर घेतली. "मॅडम, इथं कोनी बसाले याचे हायेत का?"

"हो," मी म्हणाले.

आणि उठले. टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं त्या खोलीत होते, पण मुलाखत दिल्यानंतर टेबलाच्या या बाजूला कधी आले नव्हते. इथून चित्र सरळ दिसत होतं. समोर माझी स्वतःची खुर्ची रिकामी दिसत होती. सरांना दर वेळी हेच दिसत असणार. प्राचार्यांचा निरोप घेऊन शिपाई दारात आला होता, त्याला मी हातानंच थांबवलं. ट्रंकेत टाकलेली बोली आपोआप तोंडात आली.

"पाह्य आरामानं," मी म्हटलं. "आपल्याले कुठं बस पकडाची हाये?"